कांद्याची खोटी साक्ष

जाहीर निवेदन! वाशीम जिल्ह्यातील तमाम कबड्डी मंडळे, त्यांचे आजी, माजी आणि वजन चोरून खेळणारे खेळाडू, मैदानाबाहेर उभे राहून पंचाच्या सात पिढ्यांची आठवण काढणारे मान्यवर प्रेक्षक, आणि ऐन चढाईत माईक हातात घेणारे निवेदक, या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या ट्रॅकपँटच्या उजव्या खिशात अनेक वर्षे मुक्कामाला असलेला कांदा सेवेतून कायमचा कमी करण्यात आला आहे. कारण : खोटी साक्ष देणे. या कांद्याचा कोणत्याही सामन्याशी यापुढे काहीही संबंध राहणार नाही. कृपया नोंद घ्यावी.

आता खाली बसा, म्हणजे सांगतो.

मी रिसोडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. पण माझी खरी ओळख शाळेत नाही, मैदानावर आहे. सोयाबीन घरात आलं, हवेत गारवा आला, की आमच्याकडे गावोगाव कबड्डीचे सामने लागतात आणि मी शिटी गळ्यात अडकवून पंच म्हणून हिंडतो. खेळाडू तोंडावर मला 'सर' म्हणतात आणि मागे 'शंकासुर'. मला दोन्ही नावं आवडतात. दुसरं जरा जास्तच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पंच म्हणजे नियम पाठ असलेला माणूस. नियम काय, पोपटालाही पाठ होतील. पंच म्हणजे ज्याचा कोणावरच विश्वास नाही असा माणूस. चढाई करणारा दम सोडून नुसते ओठ हलवतो. बचाव करणारा स्पर्श झाला तरी आईची शपथ घेऊन नाही म्हणतो. वजनगटाच्या सामन्यात वजनकाट्यावर एक भाऊ उभा राहतो आणि मैदानात दुसरा उतरतो. कोणी अंगाला तेल चोळून येतो, म्हणजे पकडणाऱ्याच्या हातून निसटता यावं. अशा गड्याला मी हात मिळवायच्या निमित्ताने दंडावरून हात फिरवून पाहतो. त्याला वाटतं, सरांची माया. सरांची माया वगैरे काही नसते. सर तेल शोधत असतात.

यातली सगळ्यात जुनी लबाडी म्हणजे खोटं पडणं. आपला संघ पुढे आहे, वेळ थोडा उरला आहे, की एखादा गडी धाडकन आडवा होतो. डोळे मिटलेले, हात पसरलेले, मंडळाचे लोक पाणी घेऊन धावतात. घड्याळ थांबतं, समोरच्याचा जोर ओसरतो. अशा वेळी माझा कांदा बाहेर निघायचा. बुक्कीने फोडायचा आणि आडव्या झालेल्या गड्याच्या नाकाशी धरायचा. सोंग असेल तर डोळ्यांतून धारा लागून गडी उठून बसायचा. खरोखर चक्कर असेल तरी बिचारा शुद्धीवर यायचा. म्हणजे दोन्हीकडून काम फत्ते. डोळे ओले झाले की मी हात वर करून शिटी मारायचो : खेळाडू तंदुरुस्त, खेळ सुरू! लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या निम्म्या कीर्तीचा मालक तो कांदा होता.

डोक्याचा मार हा काय प्रकार असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. एकदा शिरपूरकडच्या एका सामन्यात डोक्याला डोकं लागलेला गडी उठला, मांडी थोपटली आणि जोरात दम घेत आपल्याच संघावर चढाईला निघाला. स्वतःच्या कप्तानाला शिवून, हात उंचावून, विजयी वीरासारखा समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. लोक हसून हसून लोळले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्याच्या मित्रांनी मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला, तर म्हणाला, "हा मी नोहो." आम्ही पुन्हा हसलो. जखम दिसत नाही, रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, मग काय झालं असणार? हात मोडला की आम्ही हळहळतो. डोकं आपटलं की चहा पाजतो.

आता अवीकडे येतो.

किन्हीराजाचा अविनाश म्हणजे डाव्या कोपऱ्याचा राजा, आणि त्याच्या बाजूला त्याचा हात धरून गजू. कबड्डीत बचाव करणारे जोडीने एकमेकांचा हात धरून उभे राहतात, त्याला साखळी म्हणतात. अवी आणि गजूची साखळी शाळेपासूनची. अवीचं घर बौद्धवाड्यातलं, गजूचं शेतकऱ्यांच्या आळीतलं, पण दोघांनी मिळून मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलेलं. विहिरीवरची मोटर जळाली की तिच्यातली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, व्हार्निश चढवायचं, असा धंदा. गुंडाळायचं काम गजूचं, आणि निदान अवीचं. त्याचं नाक असं होतं की गिऱ्हाईक मोटर घेऊन पायरीवर आलं, की हा आतूनच ओरडायचा, "जळाली! उतरवा!" मीटर वगैरे नंतर लागायचं.

एका सामन्यात अवीने चढाईवाल्याचा घोटा धरला. गडी उसळला आणि त्याचा गुडघा अवीच्या कपाळावर बसला. साखळी सुटली, अवी मागे मॅटच्या कडेवर डोक्यावर पडला. मी कांदा फोडला. डोळ्यांत पाणी आलं, दोन शिंका आल्या, अवी उठून बसला आणि हसला. मी शिटी मारली. तो पुढे खेळला आणि त्यांचा संघ जिंकलासुद्धा. साऱ्या जन्मात मी एकाच माणसाच्या हसण्यावर संशय घेतला नाही, आणि नेमका तोच.

काही आठवडे गेले. एका दुपारी आमच्या दारात एक बाई उभी. एसटीने आलेली, चेहरा उन्हाने आणि रागाने लाल. आमच्या हिने पाणी दिलं.

"मी सुजाता. किन्हीराजाच्या अवीची बायको," ती म्हणाली. "सर, तुमी चला. ते कोनाचंच आयकत नाहीत."

"मग माझं काय ऐकणार?"

"तुमचंच आयकतील. म्हन्तात, जगात एकच मानूस खरा हाये. तो सगळ्याइवरच संशय घेते, म्हनून त्याच्यावर माहा विश्वास हाये."

माझ्या आयुष्यात मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "जा आता. तुमच्यासारखा दुसरा सापडला एकदाचा."

सुजाताने सांगितलं ते असं. त्या सामन्यानंतर अवी बदलला. डोकं दुखतं म्हणून अंधारात बसतो. पंखा मोठ्याने चालला तरी अंगावर येतो. झोप नाही. आणि संशय! ती जेवणात काहीतरी मिसळते, असा. गजू दुकानात मोटरी बदलतो, असा. ती रडत नव्हती. ती आरोप करत होती, आणि शेवटचा आरोप तिने आवाज खाली आणून केला : "सर, दूध उतू जाऊन गॅस इझला होता. शेगडी उघडीच. घरभर गॅस. अन् हे बाजूलेच मोबाइल पाहात बसले होते, आरामात. मी आली नसती तं? मले वाटते, यांले मी अन् माही पोरगी नको झालो. मी तिले घेऊन माहेरी चालली. फक्त एकदा तुमी पाहून घ्या, मंग जातो."

मी रविवारी शिटी, कांदा आणि संपूर्ण संशय सोबत घेऊन किन्हीराजाला गेलो. वाटेत मी तिघांचाही निकाल लावून टाकला होता. अवीला दुसरं लग्न करायचं असणार. सुजाताला माहेरी जायला निमित्त हवं असणार. गजूला दुकान हवं असणार. मी फार खूश होतो. इतके संशयित एका घरात मला कधीच मिळाले नव्हते.

अवीच्या घरात सुनावणी सुरू झाली. मी मधोमध खुर्चीवर, एका बाजूला अवी, दुसऱ्या बाजूला सुजाता, आणि दाराशी गजू, कारण अवीने त्याला आत येऊ दिलं नाही. मुलगी शेजारी खेळायला पाठवलेली.

"बोल अवी. तक्रार?"

"सर, हिच्या हाताले चव होती. तुमाले मालूम हाये. आता तिखट लागते, मीठ लागते, पन वांगं वांग्यासारखं लागतच नाही. मेथी खाल्ली काय अन् कागद खाल्ला काय, सारखंच. हे काहीतरी मिसळून राह्यली."

"कायले मिसळू मी?" सुजाता म्हणाली. "मीबी तेच जेवतो ना!"

"तू आधी काढून घेत असशील."

मी पुरावा मागवला. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. मी चवीने खाल्लं, पुराव्याची खात्री पटावी म्हणून पुन्हा खाल्लं. भाजी फक्कड होती. अवी माझ्याकडे पाहत होता. त्याचा जगातला शेवटचा खरा माणूसही त्याच्या डोळ्यांदेखत फितूर होत होता.

"अन् हा," त्याने दाराकडे बोट केलं. "मी मोटर पाहून म्हन्तो, चांगली हाये, नुसतं बेअरिंग बदला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बोंबलत येते, जळेल होती म्हनून. हा रातीतून बदलते मोटर. सामन्यातही यानंच हात सोडला माहा."

"अव्या, तुह्या डोक्यावर गुडघा आला, हात तुहा सुटला!" गजू दारातून ओरडला. "मोटर जळेलच होती. पायरीवर वास येऊन राह्यला होता. तू काहून म्हन्ला चांगली हाये, मलेच समजलं नाही. मी तुह्या इज्जतीपायी चूप बसलो."

वास. शब्द खोलीत पडला आणि मी तो उचलला. पण उचलला तो माझ्या पद्धतीने. मला वाटलं, पकडलं! गडी सोंग करतो आहे. नाक चांगलं असून चव नाही म्हणतो, मोटर मुद्दाम चुकीची सांगतो, म्हणजे भांडण होईल आणि बायको आपणहून जाईल. सोंग पकडायला माझ्याकडे साधन होतंच.

गजूचा दुपट्टा मागून घेतला आणि अवीच्या डोळ्यांवर बांधला. म्हटलं, "मी वस्तू नाकाशी धरतो, तू ओळखायची." अवी तयार झाला. त्यालाही वाटत होतं की आता सगळ्यांचं पितळ उघडं पडणार.

कांदा फोडला, नाकाशी धरला.

"कांदा," अवी लगेच म्हणाला. दुपट्टा ओला झाला.

मी विजयाने दोघांकडे पाहिलं. नाक ठणठणीत, म्हणजे त्या दिवशी गॅसही कळलाच असणार! सुजाताचा चेहरा पडला. ती उठली आणि कपाटावरची बॅग खाली काढायला लागली. पंचाचा निकाल लागला होता, तिच्या मते तिच्याच बाजूने, पण तिला तो नको होता हे तिच्या पाठीवरून दिसत होतं.

नियमाप्रमाणे दुसरी वस्तू हवी, म्हणून मी गजूला खूण केली. तो दुकानात जाऊन नुकतीच मोटरमधून काढलेली जळकी कॉइल घेऊन आला. तांब्यावर काळं झालेलं, वितळलेलं इन्शुलेशन. वास असा की माझ्या घशात आला. गजूने ती अवीच्या नाकाखाली धरली. सुजाताने पदर तोंडाला लावला. मी मान वळवली. गजूचा हात तसाच होता.



"आना ना सर दुसरी वस्तू," अवी म्हणाला. "कवाचा बसलो मी."

  सुजाताच्या हातातली बॅग तशीच राहिली. अवीने वाट पाहून दुपट्टा वर केला. कॉइल त्याच्या मिशीला लागायची बाकी होती. त्याने गजूकडे पाहिलं, सुजाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग, तुम्हाला वाटेल रडला वगैरे, तर नाही. तो म्हणाला, "धुतली तुमी हे कॉइल. तिघं मिळून धुतली."

संशय हा असा असतो. पुराव्यावर तो जगत नाही, त्यामुळे पुराव्याने मरत नाही. हे मला इतर कोणापेक्षाही जास्त समजायला हवं.

मग तो उठला, करदोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि दुकानात गेला. आम्ही मागोमाग. दुकानातल्या लोखंडी पेटीला त्याने गजूच्या भीतीने स्वतः कुलूप लावलं होतं. आत व्हार्निशचा सीलबंद डबा. दुसऱ्या कोणाचा हात लागणं शक्य नव्हतं. त्याने स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटलं आणि नाक जवळ नेलं. आणखी जवळ नेलं. दुकानभर व्हार्निश घमघमत होतं. त्याने झाकण हळूच परत लावलं, पेटीवर बसला आणि गजूला विचारलं, "सुटला का वास?"

"सुटला," गजू म्हणाला.

"लय?"

"लय."

 सुजाता त्याच्या शेजारी पेटीवर बसली. मी शिटी खिशात घातली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले, तपासलं आणि आम्हा चौघांना समोर बसवून समजावलं. नाकातून मेंदूत जाणारे वासाचे धागे फार नाजूक असतात. डोकं जोरात हादरलं की ते तुटू शकतात. वास गेला की चवही गेली, उरतं फक्त तिखट, मीठ, आंबट, गोड. मी भीतभीत कांद्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कांदा झोंबतो, आणि झोंबणं वेगळ्या नसेने कळतं. वास न येणाऱ्यालाही कांदा ओळखू येतो. शुद्ध आहे, डोळ्यांत पाणी आहे, म्हणजे डोकं ठीक आहे असं मुळीच नाही. डोकं आपटलेल्या गड्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, एवढा साधा नियम आहे. मी खिशावर हात ठेवून बसलो होतो. आत एक होता.

"पण संशय?" सुजाताने विचारलं. "त्याची कोनती नस?"

डॉक्टर जरा हसले. म्हणाले, कपाळामागचा मेंदू म्हणजे ब्रेक. तो दुखावला की राग, चिडचिड, भलतेसलते विचार थांबत नाहीत. वर झोप नाही. आणि मेंदूला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. चव गेली, कारण आत सापडत नाही, मग तो बाहेर शोधतो. बाहेर कोण असतं? रोज वाढणारं माणूस. हे वेड नाही, ही दुखापत आहे. पाय मोडल्यावर लंगडतो, तसंच. भरून येईल, पण हळूहळू, आणि अधूनमधून उसळी मारेल. वासाचं मात्र सांगता येत नाही.

सुजाताने घरी येऊन बॅग कपाटावर ठेवली. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. महिनोन् महिने अवी कधी बरा, कधी एकदम डोळे बारीक करून, "डबा उघडा काहून हाये?" मग आपणच कपाळावर हात मारायचा. घरात गॅस पाहायचं काम सुजाताचं, दूध नासलं का हे तिनेच सांगायचं. दुकानात मोटर आली की गजू वास घ्यायचा, अवी मीटर लावायचा. ज्या दोन माणसांवर त्याचा सर्वांत जास्त संशय होता, नेमकं त्यांच्याच नाकावर त्याला जगावं लागत होतं. कधी तो त्यांचं ऐकून मान हलवायचा, पण डोळ्यांत तो जुना प्रश्न असायचा. सुजाता मला एकदा म्हणाली होती, "आयकतात, सर. पन मानत नाहीत." तेवढं एक तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

खेळणं बंद झालं. मी त्याला रेषेवरचा पंच म्हणून सोबत घेतलं. संशय घ्यायला हक्काची जागा मिळाली, आणि त्याचं घर जरा मोकळं झालं.

गेल्या हंगामात रिसोडजवळच्या एका गावात सामने संपल्यावर पंगत होती. रोडगे आणि वांग्याची भाजी. यजमान गावचे वजनदार गृहस्थ, भाजी त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली मोठ्या पातेल्यात केलेली. पुरुषांची एक रांग, समोर बायकांची, त्यात सुजाताही. पहिल्या घासालाच सगळ्यांना कळलं की भाजी बुडाला लागली आहे. पण बोलणार कोण? सगळे खाली मान घालून जेवत होते. मी तर दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. पंचालाही गावातून सुखरूप परत जायचं असतं.

अवीने घास घेतला आणि सवयीने समोर पाहिलं. सुजाताने अगदी बारीकशी मान हलवली. नाही.

अवीने घास ताटात ठेवला.

यजमान नेमके तिथेच उभे. "काय झालं अवीभाऊ? भाजी आवडली नाही?"

"करपली हाये, दादा."

पंगतीतले हात थांबले. यजमानांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग बाकीच्यांच्या. "बाकी कोनाले नाही लागली करपेल! अन् तुले तं म्हने वासच येत नाही, चवच समजत नाही. तुले कसं समजलं?"

लोक हसले. सुजाताने मान खाली घातली. माझ्या शेजारी गजूने हातातला रोडगा ताटात ठेवला. मी अवीच्या डोळ्यांकडे पाहत होतो, कारण डोळे पाहणं हा माझा धंदा आहे. मी तो जुना प्रश्न शोधत होतो.

अवी ताटावरून उठला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असा ओरडला, "मले नाही समजत! पन माही बायको म्हन्ते करपली, तं करपलीच हाये!"